न केलेल्या कामाचं कौतुक

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

सोशल मीडियाबद्दल बोलायला लागलं की बहुतेक जण एकच गोष्ट सांगतात, वेळ वाया जातो. जातोच, पण वेळ काय आधी टीव्हीसमोर पण जायचा. मला वाटतं त्याहून मोठं नुकसान वेगळंच आहे आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून हे पत्र. इथे काही न करता केल्याचं समाधान मिळतं आणि कुणाला न भेटता भेटल्यासारखं वाटतं. जेवणाआधी फरसाण खाऊन पोट भरावं तशी दोन्हीची भूकच मरून जाते.

आता बघा, एखादा मुलगा ठरवतो की गाणं शिकायचं, किंवा अवघड परीक्षा द्यायची, किंवा स्वतःचं काहीतरी सुरू करायचं. पहिल्याच दिवशी पोस्ट पडते, नवीन पुस्तकांचा नीट रचलेला फोटो, खाली "नवी सुरुवात" असं काहीतरी, आणि तासाभरात अभिनंदन, प्राउड ऑफ यू, तू करणारच. अजून एक पान वाचलेलं नाही पण शाबासकी मिळून झाली. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2009 साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले होते, त्यातल्या काहींत कायद्याचे विद्यार्थी होते. आपल्याला चांगलं वकील व्हायचंय त्यासाठी अमुक करणार असं ज्यांचं म्हणणं दुसऱ्या कुणीतरी वाचलं, त्यांनी प्रत्यक्षात त्या दिशेने कमी मेहनत घेतली. म्हणजे आपण काय होणार हे लोकांनी मान्य केलं की मनाला वाटतं आपण थोडे झालोच. आणि तो प्रयोग होता मोजक्या लोकांसमोरचा, इथे तर शेकडो लोक एका वेळी टाळ्या वाजवतात.

मग येतो मधला काळ, खरं काम तिथेच असतं. तेच गणित तिसऱ्यांदा चुकतंय, तोच सूर लागत नाहीये, महिना झाला तरी दाखवण्यासारखं काहीच नाही. याचा फोटो निघत नाही, त्याला लाईक मिळत नाहीत. ज्याला पहिल्या दिवशीच्या कौतुकाची सवय लागली त्याला हा काळ असह्य होतो, मग तो हे सोडतो आणि नवीन काहीतरी सुरू करतो, कारण सुरुवातीची पोस्ट परत टाकता येते. असं करत करत काही मुलांची वर्षं निघून जातात हो, आणि ती आळशी पण नसतात.

दुसरी गोष्ट म्हणजे मुळात आपल्याला काय हवंय हेच कळेनासं होतं. माणूस स्वतःला आसपासच्या लोकांशी तोलून बघतो हे लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्येच मांडलं होतं. पण आसपासचे म्हणजे वर्गातले, ओळखीतले, ज्यांचं रडणं आणि नापास होणं पण आपल्याला दिसायचं. आता जगातले सगळ्यात पुढचे लोक अंगठ्याखाली आहेत आणि त्यांची दहा वर्षांची मेहनत तीस सेकंदात दिसते. माझी भाची सुंदर चित्रं काढायची, तासन्‌तास बसायची. अकाउंट उघडल्यावर हळूहळू जे चालतं तेच काढायला लागली, आणि आता तिला तुला स्वतःला काय काढावंसं वाटतं असं विचारलं तर ती कुठल्या चित्राला किती व्ह्यूज आले ते सांगते. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नात्यांचंही तेच. मित्राला नोकरी लागली ते स्टोरीवर दिसलं, आपण हार्ट टाकला, झालं. फोन करायचं कारणच उरलं नाही. पुढे कधी भेटल्यावर तो उत्साहाने सांगायला लागतो तर आपण म्हणतो "हो बघितलं मी", आणि त्याचं सांगणं तिथेच तुटतं, मग त्या फोटोमागची भीती, आधीचे तीन नकार, घरी झालेली भांडणं, यातलं काहीच आपल्यापर्यंत येत नाही. कुणाचे वडील गेले तरी हात जोडलेला इमोजी पाठवून आपण मोकळे होतो. घरात तर विचारूच नका, एक जण मनातलं बोलतोय आणि दुसरा स्क्रीनकडे बघत हं हं करतोय. मुलं दोन-चार वेळा हे बघतात आणि सांगायचं बंद करतात, त्यानंतर मोबाईल बाजूला ठेवून विचारलं तरी उत्तर "काही नाही" असंच येतं.

याचा सगळा दोष लोकांच्या मनोनिग्रहावर टाकणं मात्र मला पटत नाही. न संपणारं स्क्रोलिंग अझा रास्किन नावाच्या डिझायनरने 2006 च्या सुमारास बनवलं आणि पुढे त्यालाच त्याचा पश्चात्ताप झाला, हे त्याने जाहीर सांगितलंय. फेसबुकचा पहिला प्रेसिडेंट शॉन पार्कर 2017 मध्ये बोलून गेला की तुमचा जास्तीत जास्त वेळ आणि लक्ष कसं घ्यायचं हाच सुरुवातीपासूनचा विचार होता. समोर अशी तयारी असताना एकट्या मुलाला "जरा कंट्रोल ठेव" म्हणणं सोपं आहे.

पण कमी केलं तर फरक पडतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 143 विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला, त्यातल्या एका गटाला फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट प्रत्येकी रोज फक्त दहा मिनिटं, असं तीन आठवडे. त्या गटातला एकटेपणा आणि नैराश्य कमी झालं, हे 2018 मध्ये छापून आलंय. पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही, घरापासून लांब असलेल्या किंवा आजारपणात अंथरुणाला खिळलेल्या माणसाला याचा खरा आधार असतो. फक्त काही नवीन ठरवलं तर ते शंभर जणांना सांगण्यापेक्षा अशा एकाच माणसाला सांगा जो महिन्याभराने "कुठवर आलं?" असं विचारेल. आणि स्टेटस बघून आनंद झाला असेल तर फोन लावा, दोन मिनिटं का होईना.

आपल्याकडे एक विनंती आहे. हल्ली पेपरांच्या पुरवण्यांमध्ये फॉलोअर्स कसे वाढवायचे, रील व्हायरल कशी करायची यावर लेख येतात. त्यासोबत ऑटोप्ले आणि नोटिफिकेशन कसे बंद करायचे, टाइम लिमिट कशी लावायची हे पण सोप्या भाषेत छापा, मोठ्या वयाच्या वाचकांना ते माहीतच नसतं. आणि यशस्वी लोकांच्या मुलाखती घेताना त्यांना शेवटी काय मिळालं याच्याइतकंच मधल्या वर्षांबद्दल विचारा, जेव्हा काहीच जमत नव्हतं आणि कुणी बघत पण नव्हतं तेव्हा ते रोज नेमकं काय करत होते.

आपला,
एक नियमित वाचक