भाषेच्या डिमेन्शियावरील ऑनलाइन अभ्यासक्रमाबद्दल तक्रार आणि फी परत मिळण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,

विषय : भाषेवर परिणाम करणाऱ्या डिमेन्शियाच्या रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी आपण विकलेला मराठी अभ्यासक्रम.

महोदय,

१२ जूनला ६,५०० रुपये भरून मी आपल्या अभ्यासक्रमात नाव नोंदवले. २४ व्हिडिओ आणि सगळे स्वाध्याय पूर्ण केले आहेत, म्हणून लिहिण्याचा हक्क आहे असे समजते.

माझे यजमान सहकारी बँकेत कॅशियर होते. तीन वर्षांपूर्वी मी त्यांना भाजी आणायला सांगितली, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, “कोथिंबीर म्हणजे काय?” ऐकू कमी येत असेल म्हणून आधी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. कान उत्तम निघाले. पुढे एमआरआयमध्ये मेंदूचा डाव्या कानशिलाकडचा भाग आकसलेला दिसला आणि निदान झाले : प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेझिया, म्हणजे आधी भाषेवरच परिणाम करणारा डिमेन्शिया; त्यातला सिमँटिक प्रकार. शब्दांचा अर्थच हळूहळू पुसला जातो. आजही त्यांना तारीख माझ्याआधी आठवते आणि महिन्याचा दुधाचा हिशेब पैशाला पैसा जुळतो. ‘दूध’ हा शब्द मात्र कधी सापडतो, कधी नाही.

अमेरिकेतल्या डॉ. मार्सेल मेसुलम यांनी १९८२ मध्ये हा आजार वेगळा ओळखून मांडला. २०११ पासून त्याचे तीन प्रकार मानले जातात. एकात अर्थ कळतो, पण वाक्य जुळत नाही आणि जीभ अडखळते. दुसऱ्यात शब्द ओठांवर येऊन अडतो आणि लांब वाक्य डोक्यात टिकत नाही. तिसरा आमचा. तिन्ही घरांत बोलण्याची रीत वेगळी लागते. आपल्या अभ्यासक्रमात ही तीन नावे एकदा येतात आणि नंतर सगळ्यांना एकच औषध. बाकी सारे विसरभोळेपणाचे धडे : भिंतीवर मोठे कॅलेंडर लावा, पैशांचे व्यवहार काढून घ्या, कपाटांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवा. ज्याला शब्दाचा अर्थच लागत नाही, त्याने ती चिठ्ठी वाचून काय करायचे?

जाहिरातीत ‘संपूर्ण मराठी’ लिहिले होते. प्रत्यक्षात इंग्रजी व्हिडिओंवर यंत्राचा आवाज चढवला आहे. सातव्या व्हिडिओत बाई मांजराचे चित्र दाखवतात आणि पहिला आवाज सुचवतात, “क्... क्...”. लगेच मराठी आवाज म्हणतो, “मांजर”. इंग्रजीतल्या ‘कॅट’साठी दिलेला इशारा मराठी घरात कसा चालेल, हे एकाही माणसाने ऐकून तपासले नाही. ‘रुग्णाचे भाषण संथ होते’ असे वाक्य तर जागोजागी आहे. माझे यजमान भाषण करत नाहीत हो, ते बोलायची धडपड करतात.

हे सगळे मी सोसले असते. चौथ्या आठवड्यातला ‘रोजची वीस नावे’ हा स्वाध्याय मात्र मी विसरू शकत नाही. घरातल्या वीस वस्तू ताटात ठेवायच्या, सकाळ-संध्याकाळ “हे काय आहे?” विचारायचे, तीस सेकंद उत्तर सांगायचे नाही आणि वहीत बरोबर-चूक अशी खूण करायची. मी १९ दिवस नेमाने केले. एका सकाळी अडकित्त्याची पाळी आली. त्यांनी तो हातात घेतला, डब्यातली सुपारी काढली, नेहमीसारखी बारीक कातरून माझ्या तळहातावर ठेवली. नाव काही आले नाही. मी तीस सेकंद मोजले आणि वहीत फुली मारली. ते त्या फुलीकडे बघत राहिले. आयुष्यभर ज्यांच्या कॅशमध्ये रुपयाचा फरक आला नाही, त्यांच्या नावावर मी माझ्या हाताने फुल्या मारत होते. दुसऱ्या दिवसापासून ताट दिसले की ते उठून अंगणात जायचे. जेवताना “ते तसलं दे” एवढे तरी बोलायचे, तेही थांबले.

शेवटी मिरजेतल्या एका स्पीच थेरपिस्टना विचारले. त्यांनी पहिल्याच भेटीत ही परीक्षा बंद करायला सांगितली. वस्तू हातात घेऊन बोला, शब्द तुम्हीच सांगा, एका वेळी एकच गोष्ट, आणि त्यांनी वापरलेला शब्द चालवून घ्या. सराव करायचाच तर त्यांच्या गरजेच्या मोजक्या शब्दांचा, घरातल्याच वस्तूंचे फोटो वहीत चिकटवून, नाव आधी सांगून. आता मी कोथिंबिरीची काडी दाखवते, ते पिशवी घेऊन जातात. हे आपल्या एखाद्या व्हिडिओत दहा मिनिटांत सांगता आले असते.

तज्ज्ञांशी थेट संवादाची आठ सत्रे कबूल केली होती. दोन झाली, तीही हिंदीत. फी परत मागितली, तर ‘३० टक्क्यांहून जास्त व्हिडिओ पाहिल्यामुळे’ नकार आला. व्हिडिओ पाहिल्याशिवाय ते चुकीचे आहेत हे मला कसे कळणार होते?

माझी पूर्ण फी परत करावी. ‘संपूर्ण मराठी’ आणि ‘भाषेच्या डिमेन्शियासाठी खास’ हे दावे जाहिरातीतून काढावेत. आणि सर्वांत आधी, ‘रोजची वीस नावे’ हा स्वाध्याय आजच बंद करून, ज्यांनी ज्यांनी तो उतरवून घेतला आहे त्या प्रत्येकाला तसे कळवावे. फीचे नंतर पाहता येईल, पण हे एक दिवसही लांबवू नका. आत्ता कुणाच्या तरी घरी ते ताट मांडलेले असेल.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात व्हायला हवे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

कळावे,
आपल्या अभ्यासक्रमाची एक विद्यार्थिनी

सोबत : फीची पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, सातव्या व्हिडिओची ध्वनिफीत, १९ दिवसांच्या वहीची छायाप्रत.