हर्शीला हॉकी बघायला येताना

हॅरिसबर्ग, पेनसिल्व्हेनिया
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय मेधा,
सप्रेम नमस्कार.

या हिवाळ्यात मुलांना बर्फावरची हॉकी दाखवायची म्हणतेस, आणि फिलाडेल्फियातल्या तिकिटांचे आकडे बघून बेत रद्द करायला निघाली आहेस. करू नकोस गं. मोठ्या लीगच्या एका बऱ्याशा तिकिटाला जेवढे पैसे पडतात, त्यात थोडी भर घातलीस की तुमचं अख्खं घर आमच्या हर्शी बेअर्स या संघाचा सामना बघून येईल. फक्त तिकीट स्वस्त म्हणजे सगळी संध्याकाळ स्वस्त, असं धरून चालू नकोस. खरे पैसे जातात ते पार्किंग, खाणं, टोल आणि रात्रीचा मुक्काम यांत. ते आधीच आखून ठेवलं तर खिशाला झळ लागत नाही. फोनवर हे सगळं राहून जातं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. निनादलाही वाचायला दे, गाडी त्यालाच चालवायची आहे.

आधी एक सांगते. 'मायनर लीग' म्हटलं की लोकांना वाटतं, काहीतरी हौशी मामला असेल. तसं अजिबात नाही. बेअर्स खेळतात ती अमेरिकन हॉकी लीग एनएचएलच्या, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या हॉकी लीगच्या, बरोबर एक पायरी खाली आहे. ३२ संघ, आणि प्रत्येकाचं वर कुठल्या ना कुठल्या एनएचएल संघाशी नातं. आमचं २००५पासून वॉशिंग्टन कॅपिटल्सशी आहे. आज एनएचएलमध्ये खेळणाऱ्या दहांपैकी जवळजवळ नऊ खेळाडू या लीगमधून वर गेलेले आहेत. म्हणजे शनिवारी तुझ्या मुलांसमोर खेळलेल्या पोराला सोमवारी वॉशिंग्टनहून बोलावणं येऊ शकतं. या पोरांच्या खेळात जी भूक असते ना, ती मला फार आवडते. पलीकडे काय आहे ते त्यांना दिसत असतं आणि एका चांगल्या आठवड्यावर सगळं अवलंबून असतं. शुक्रवार, शनिवार, रविवार असे सलग तीन दिवस तीन सामने, मधे बसचा प्रवास, आणि तरी रविवारी तिसऱ्या पिरियडला, म्हणजे सामन्याच्या शेवटच्या भागात, ती पोरं जीव तोडून धावत असतात.

यातूनच खर्चाची एक गोष्ट निघते. मुलं जर्सी मागतील, तर पाठीवर खेळाडूचं नाव असलेली घेऊ नकोस. जर्सी महाग असते आणि तो खेळाडू पुढच्या मोसमात इथे असेलच असं नाही. टोपी किंवा मफलर घे, पुरे.

आपण खडकीच्या, धनराज पिल्लेच्या गावच्या. हॉकी बघायला पैसे पडतात हे आपल्याला लहानपणी माहीतच नव्हतं. मैदानाच्या कडेला उभं राहिलं की झालं. त्यामुळे इथे आल्यावर पहिल्या पहिल्यांदा मलाही तिकिटाच्या रकमेचा हिशेब मनातल्या मनात रुपयांत व्हायचा. पण हर्शी हे गाव बघ. वस्ती चौदा हजारांच्या आसपास, आणि स्टेडियममध्ये हॉकीसाठी खुर्च्या साडेदहा हजार! चॉकलेटच्या कारखान्याभोवती वसलेल्या या गावात १९३२पासून हा संघ आहे, १९३८पासून तो या लीगमध्ये आहे, आणि लीगमधल्या सगळ्या संघांत तोच जुना. कॅल्डर कप, म्हणजे या लीगचं विजेतेपद, तेरा वेळा जिंकलाय, त्यातला २०२३चा आणि २०२४चा लागोपाठ. २०२४च्या जूनमध्ये शेवटचा सामना इथेच, जायंट सेंटर या स्टेडियममध्ये होता, तोही ओव्हरटाइममध्ये सुटला. आमच्या इथे दुकानात, बँकेत, शाळेच्या दारात लोक या संघाबद्दल घरच्या माणसांबद्दल बोलावं तसे बोलतात. मुलांनी हे बघावं असं मला मनापासून वाटतं.

आता तिकिटं. दर सामन्यागणिक बदलतात. बुधवारचा सामना स्वस्त, शनिवारचा महाग, आणि समोर विल्क्स-बॅरी किंवा लिहाय व्हॅलीसारखा शेजारचा संघ असेल तर गर्दी आणखी वाढते. साधारण तीसएक डॉलर एका माणसाचे धर. ऑनलाइन घेतलंस की वर सेवाशुल्क चढतं, ते पाच तिकिटांवर चांगलंच जाणवतं. मी बऱ्याचदा गावात कामासाठी गेले की स्टेडियमच्या खिडकीवरूनच तिकिटं काढते. तुमची तारीख कळली की तुमचीही तशीच काढून ठेवीन. आम्ही इथली काही मराठी घरं मिळून जातो तेव्हा ग्रुपचा दर मिळतो. तुमच्या बाजूची दोन-तीन कुटुंबं यायला तयार असतील तर विचार. आमची माणसं धरून सहज ग्रुप होईल आणि माणशी चार पैसे वाचतील.

जागा कुठल्या घ्यायच्या यावर मात्र मी जरा जास्तच बोलणार आहे. सगळे काचेला लागून असलेल्या जागांच्या मागे असतात, कारण धडक तिथे होते, आवाज तिथे येतो. पण काचेजवळून पलीकडचं अर्धं मैदान नीट दिसत नाही. पक म्हणजे चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती; तिचा व्यास जेमतेम तीन इंच, वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आत, आणि पक खेळायच्या आधी गोठवलेला असतो म्हणजे उसळत नाही. नवख्या डोळ्याला तो सापडतच नाही. वरच्या भागात, कोपऱ्याच्या बाजूला बसलात तर दोनशे फूट लांबीचं सगळं बर्फ एका नजरेत येतं, पाचही जण कसे सरकतात ते कळतं, आणि तिकीटही स्वस्त. संघ दर पिरियडला बाजू बदलतात, त्यामुळे पहिल्या आणि तिसऱ्या पिरियडला बेअर्स ज्या गोलवर चाल करतात त्या टोकाला बसायचं. म्हणजे आपल्याकडचे गोल दोनदा समोर. कुठलं टोक ते खिडकीवर विचारलं की सांगतात. मुलांना काच बघायची असेल तर सामन्याआधी सराव चालतो तेव्हा खाली घेऊन जा. त्या वेळी खेळाडू अगदी हातभर अंतरावरून जातात; स्केटच्या पात्याखाली बर्फ खरवडल्याचा आवाज येतो, वळताना पांढरा भुगा काचेवर उडतो. एखाद्याने लहान पोर बघून काचेवरून पक टाकला तर ती मोठीच कमाई.

तुझ्या सासूबाई येणार असतील तर वरच्या भागाचा विचार सोडून दे. तिथल्या पायऱ्या उभ्या आहेत आणि गुडघ्यांना झेपणार नाहीत. त्यांच्यासाठी कमी पायऱ्यांच्या, वाटेलगतच्या जागा मागून घेऊ. थोडे जास्त पडतील, पडू देत.

प्रवासाचं बघ. तुमच्या एडिसनहून २८७ नंबरच्या महामार्गाने वर, मग ७८ पश्चिमेकडे, पुढे ८१ला लागून ग्रँटव्हिलला उतरायचं आणि ७४३ने थेट हर्शी. रस्ता मोकळा असेल तर सव्वादोन-अडीच तास. डेलावेअर नदीवरच्या पुलाला पेनसिल्व्हेनियात शिरताना टोल आहे, परतताना नाही. ईझी-पास गाडीत असू दे. टर्नपाइकने, म्हणजे टोलच्या महामार्गाने, आलात तर टोलच भारी पडतो, त्या वाटेला जाऊ नका. पेट्रोलची टाकी न्यू जर्सीतच भरून घ्या, आमच्याकडे त्यावरचा कर जास्त आहे. ॲलनटाउनच्या पुढे दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं आहेत, त्यामुळे ७८वर ट्रकांची रांग असते, आणि जानेवारीत बर्फ पडलं की ती वाट अंगावर येते. म्हणून आगगाडीने येऊ का, असं तू विचारलं होतंस. गाडी हॅरिसबर्गला येते, हर्शीला येत नाही. शिवाय सामना सुटतो साडेनऊच्या पुढेमागे, त्यानंतर फिलाडेल्फियाकडे जाणाऱ्या गाडीचा भरवसा नाही. इथे सगळे मोटारीनेच येतात, म्हणून तर पार्किंगचे पैसे वेगळे मोजावे लागतात. वीसएक डॉलर धरून चल. पाऊण-एक तास आधी पोचा, आणि गाडी लावताना बाहेर पडायच्या तोंडाशी जागा बघा. सुटताना साडेदहा हजार माणसं एकदम निघतात.

शनिवारचा सामना बहुतेक संध्याकाळी ७ला असतो. तुम्ही त्याच रात्री परत जायचं म्हणाल तर घरी पोचायला एक वाजेल. ते नको. आमच्याकडे राहा; गाद्या आहेत, पांघरुणं आहेत, आणि स्टेडियमपासून आमचं घर अर्ध्या तासावर. एवढ्याने तुमचा सगळ्यात मोठा खर्च वाचतो. नाहीतर रविवारचा सामना निवडा. तो दुपारी असतो आणि मुलं झोपायच्या वेळेला घरी जातील.

खाण्याचं म्हणशील तर आधी पोटोबा. आत बाहेरचं खाणं नेता येत नाही, आणि शाकाहारी माणसाच्या वाट्याला पिझ्झा, फ्राइज, पॉपकॉर्न आणि मिठाचा प्रेट्झेल. पाच माणसं आत जेवली तर साठ-सत्तर डॉलर कुठे गेले कळत नाही. चार वाजता माझ्याकडे थालीपीठ-दही खाऊन निघू, आत मुलांना एक पॉपकॉर्न पुरेल. सामना अडीच तास चालतो, दोन मध्यंतरं असतात, पण मध्यंतरात सगळे खाण्याच्या रांगेत जातात तेव्हा तुम्ही जागा सोडू नका. झांबोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी, फिरते ते बघण्यासारखं असतं. खरवडून निघालेल्या पांढऱ्या बर्फावर मागून पाण्याचा पातळ थर पसरत जातो आणि ओल्या पट्ट्यात वरचे दिवे दिसायला लागतात. माझ्या धाकटीला सामन्यापेक्षा त्याचंच जास्त वेड होतं.

कपडे म्हणशील तर आत थंडी असते, तिसऱ्या पिरियडला पायांतून चढते. सासूबाईंना लोकरी मोजे आणि शाल. एक-एक स्वेटर सगळ्यांना. मोठ्या पर्स आणि सॅक आणू नका, दारावर खोळंबा होतो.

आता तारीख. जमलं तर टेडी बेअर टॉसच्या दिवशी या असं मी म्हणेन. दर हिवाळ्यात असा एक सामना असतो. बेअर्सचा पहिला गोल झाला की प्रेक्षक हातातली सगळी मऊ खेळणी बर्फावर फेकतात, आणि नंतर ती आसपासच्या संस्थांमधून मुलांपर्यंत जातात. २०२५मध्ये ५ जानेवारीला १,०२,३४३ खेळणी पडली. हो, एक लाखाच्या वर! बर्फ दिसेनासा होतो. खेळ थांबतो, खेळाडू आणि स्वयंसेवक मिळून ती गोळा करतात, आणि लोक शांतपणे बसून राहतात. माणसं पोतीच्या पोती भरून आणतात. खेळणी नवीन हवीत, तेव्हा नाताळानंतरच्या सेलमध्ये घेऊन ठेव, निम्म्या किमतीत मिळतात. पण या सामन्याची तिकिटं फार लवकर संपतात, दरही चढे असतात आणि पार्किंगला जास्त वेळ लागतो. सासूबाईंना घेऊन यायचं असेल तर साधा सामनाच बरा.

जानेवारीत हॅरिसबर्गला फार्म शो, म्हणजे शेतीचं प्रदर्शनही असतं. प्रवेश फुकट, फक्त पार्किंगचे पैसे. लोण्याचा भलामोठा पुतळा असतो, गाई-वासरं असतात, दुपार मजेत जाते. त्या आठवड्यात हॉटेलांचे दर मात्र वाढतात, म्हणूनही आमच्याकडेच उतरा. आणि हर्शीत वेळ उरला तर चॉकलेट वर्ल्डची सफर मोफत आहे. शेवटी दुकानातून बाहेर पडावं लागतं, तिथे मुलांना आधीच रक्कम ठरवून दे.

हे सगळं ऐकून निनाद म्हणेल, एवढ्या लांब कशाला? तर दुसरी वाट आहे. बेअर्स ॲलनटाउनला लिहाय व्हॅली फँटम्सशी खेळायला जातात. ते स्टेडियम, पीपीएल सेंटर, तुमच्यापासून सव्वा तासावर आहे, भर गावात, आणि पार्किंगच्या इमारती शेजारीच. रात्री घरी परत जाता येईल. आमच्याकडची बरीच माणसं तिथे जातात, म्हणजे पाहुण्या संघाच्या रंगातही आवाज असतो. मी आणि माझी माणसं तिथे येऊन तुम्हाला भेटू. पण मला विचारशील तर पहिला सामना हर्शीतच बघा, ॲलनटाउन पुढच्या वेळी.

पाच जणांचा ढोबळ हिशेब सांगते: तिकिटं दीडशे-पावणेदोनशे, पार्किंग वीस, आतलं खाणं पंचवीस, पेट्रोल-टोल पन्नासच्या आत. राहणं आणि जेवण आमच्याकडे. फिलाडेल्फियात एवढ्यात दोन जणांचीसुद्धा चांगल्या जागांची तिकिटं निघतील की नाही शंका आहे.

मुलांच्या शाळेच्या सुट्ट्या आणि सासूबाईंची परतीची तारीख लवकर कळव. जानेवारीचे शनिवार भरायला लागलेत, या आठवड्यात खिडकीवर जाणार आहे. टॉसचा सामना हवा असेल तर आजच सांग. काका-काकूंना माझा नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझीच,
अश्विनी