डीएपीच्या पोत्यामागचे पाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऊसलागणीचा हंगाम आला की आपल्या दैनिकात एक बातमी ठरलेली असते: डीएपी खत नाही, कृषी सेवा केंद्रापुढे रांग, आणि पोते हवे तर सोबत नको असलेला माल घ्याच असे लिंकिंग. लिंकिंगविरुद्ध आपण सातत्याने लिहिता, ते लिहायलाच हवे. पण टंचाईचा शोध मिरजेला खताची रेक (मालगाडी) लागली की नाही, इथेच थांबतो. माल का आला नाही याचे बरेचसे उत्तर ट्युनिशिया, मोरोक्को, जॉर्डन, सौदी अरेबिया या देशांत आहे. तिथल्या बातम्याही आपण छापता, पण त्या कोण सत्तेवर आले आणि कोण गेले एवढ्याच असतात. या दोन बातम्यांचा धागा एकच आहे, आणि तो पाण्यातून जातो.

आधी पोतेच उघडून पाहू. ५० किलो डीएपीत नत्र (नायट्रोजन) १८ टक्के, म्हणजे ९ किलो, आणि स्फुरद (फॉस्फेट) ४६ टक्के, म्हणजे २३ किलो. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश (पोटॅश) अशी शिफारस आहे. एकरी स्फुरद झाले ६८ किलो. सगळे डीएपीतूनच द्यायचे तर तीन पोती, निम्मे लागणीला आणि निम्मे मोठ्या बांधणीला, म्हणजे उसाला माती लावताना. नत्र हवेतून आणि नैसर्गिक वायूतून तयार करता येते. स्फुरद मात्र खडकातूनच काढावे लागते. असा खडक आपल्याकडे उदयपूरजवळ आणि मध्य प्रदेशात थोडाफार निघतो, पण देशाची गरज त्यात भागत नाही. म्हणून खडक, फॉस्फोरिक आम्ल किंवा तयार डीएपी, यांपैकी काहीतरी बाहेरून आणावेच लागते.

खडकावर गंधकाम्लाची प्रक्रिया केली की फॉस्फोरिक आम्ल सुटते आणि त्यात अमोनिया मिसळला की डीएपी होते. एक टन स्फुरदासाठी तीन टनांहून जास्त खडक लागतो, आणि सुमारे पाच टन फॉस्फोजिप्सम मागे उरते. म्हणजे आपल्या एका पोत्यामागे कुठल्या तरी किनाऱ्यावर एकशे पंधरा किलोच्या आसपास गाळ पडतो. शिवाय त्याआधी माती-वाळू काढायला खडक धुवावा लागतो. धुवायला पाणी हवे, आणि खाणी आहेत वाळवंटाच्या कडेला.

ट्युनिशियाच्या नैऋत्येला गाफ्सा प्रांतात रेदेयेफ, उम्म अल-अराइस, मेतलाउई आणि म्दिल्ला ही चार खाणगावे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे एकाच कंपनीचा शब्द चालतो. जमिनीतले पाणी उपसून खडक धुण्याच्या वॉशरीला जाते आणि गावातले नळ कोरडे राहतात. पाण्यावाचून शेती वाढली नाही, दुसरा धंदा आला नाही, त्यामुळे नोकरी म्हणजे कंपनीचीच नोकरी. जानेवारी २००८ मध्ये कंपनीच्या भरतीचा निकाल लागला. यादी वशिल्याने भरली असे म्हणत रेदेयेफचे लोक रस्त्यावर आले आणि सहा महिने मागे हटले नाहीत. पुढे १७ डिसेंबर २०१० ला शेजारच्या सिदी बूझिदमध्ये मोहम्मद बुअझीझी या फेरीवाल्याने स्वतःला पेटवून घेतले, आणि १४ जानेवारी २०११ ला अध्यक्ष बेन अली देश सोडून गेले. जग क्रांतीची सुरुवात सिदी बूझिदपासून मोजते. माझ्या मते ती रेदेयेफच्या त्या यादीपासून मोजायला हवी.

क्रांतीनंतर जे झाले त्यात आपल्या पोत्याचा खरा संबंध आहे. २०१० मध्ये गाफ्सातून सुमारे ८० लाख टन फॉस्फेट निघाले, २०११ मध्ये जेमतेम २५ लाख. खाणी होत्या तिथेच होत्या आणि खडकही संपलेला नव्हता. अडला तो रूळ. खडक रेल्वेने गाबेस, स्फाक्स आणि स्खिराच्या कारखान्यांकडे जातो. नोकरी मागणारी मुले त्या रुळांवर तंबू टाकून बसली. मूठभर माणसांमुळे सगळा माल थांबू शकतो, हे एकदा सगळ्यांना कळले. ट्रकने नेऊन पाहिले, पण भाडे परवडेना. सरकारे भराभर बदलत होती आणि गोळीबाराचा डाग कुणालाच नको होता. मग पर्यावरण आणि वृक्षलागवडीच्या नावाने उपकंपन्या काढून हजारोंना पगारावर घेतले. पगार सुरू झाला, काम नव्हतेच. उत्पादन तिसऱ्या हिश्श्यावर आलेले असताना पगाराचा बोजा वाढत गेला, आणि दर नव्या यादीतून जे राहिले ते पुढच्या खेपेला रुळांवर येऊन बसले.

स्खिरातला एक कारखाना तर भारतीय भांडवलाच्या भागीदारीतून उभा राहिला. वर्षाला ३.६ लाख टन फॉस्फोरिक आम्ल काढायचे आणि ते भारताला पाठवायचे, यासाठी दोन भारतीय खत कंपन्यांनी त्यात प्रत्येकी १५ टक्के हिस्सा घेतला. २०१३ मध्ये तो सुरू झाला, पण त्याला पुरेसा खडकच मिळेना. तिथून आम्ल आले नाही की आपल्या किनाऱ्यावरच्या कारखान्यांना ते दुसरीकडून चढ्या भावाने घ्यावे लागते, नाहीतर तयार डीएपीच्या जहाजाची वाट पाहावी लागते.

जानेवारी २०१४ च्या राज्यघटनेत ट्युनिशियाने पाण्याचा हक्क लिहून घेतला. चव्वेचाळीसावे कलम वाचून आनंदच होतो. पण मार्च २०२३ मध्ये धरणे आटली आणि रात्री ९ ते पहाटे ४ नळ बंद ठेवायची वेळ आली. पिण्याचे पाणी शेतीला वापरायलाही बंदी घातली गेली. तोवर २५ जुलै २०२१ ला अध्यक्ष कैस सईद यांनी संसद स्थगित करून कारभार हाती घेतला होता आणि घटनाही बदलली होती. नाणेनिधीच्या १९० कोटी डॉलरच्या कर्जाच्या अटी त्यांनी नाकारल्या. आता सरकार म्हणते, २०३० पर्यंत फॉस्फेट वर्षाला १४० लाख टनांवर नेऊ. एवढा खडक धुवायला पाणी कुठून आणणार, याचे उत्तर आधी हवे. गाबेसच्या लोकांनी तर ऑक्टोबर २०२५ मध्ये सार्वत्रिक संप करून आपले म्हणणे स्पष्ट केले. १९७२ पासून तिथल्या समुद्रात फॉस्फोजिप्सम सोडले जाते. कारखान्याचे प्रदूषणकारी विभाग हलवण्याचे आश्वासन २०१७ मध्येच दिले होते.

मोरोक्कोने खाणीतला खडक पाण्यात कालवून १८७ किलोमीटरच्या नळातून उताराने बंदरावर न्यायला २०१४ मध्ये सुरुवात केली आणि कारखान्यांसाठी समुद्राचे पाणी गोडे करायचे प्रकल्प उभारले. रूळ अडण्याचा प्रश्न त्यांनी असा सोडवला. तिथे राजा टिकला म्हणून हे जमले, असा निष्कर्ष मात्र कुणी काढू नये. पाण्याची आणि वाहतुकीची व्यवस्था आधी केली, म्हणून जमले.

आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळच्या वाचकांना हे लवकर उमगेल. नागनाथअण्णा नायकवडींच्या आणि डॉ. भारत पाटणकरांच्या पाणी चळवळीने पाणी जमिनीच्या नव्हे, कुटुंबाच्या मापाने मागितले, आणि भूमिहीनालाही त्यात धरले. गाफ्सात राजकारण नोकऱ्यांच्या यादीभोवती फिरत राहिले. वॉशरीने किती उपसायचे आणि गावाला किती द्यायचे, हे आधी ठरले असते तर रुळांवर बसणाऱ्यांची संख्या कमी झाली असती, असे मला मनापासून वाटते.

सीरियाच्या बातम्याही याच नजरेने वाचाव्यात. २००६ नंतरच्या दुष्काळात, मे २००८ मध्ये, तिथल्या सरकारने डिझेल लिटरला ७ पौंडांवरून २५ वर नेले. ईशान्येची गव्हाची शेती पंपावर, पंप डिझेलवर. विहिरी खोल जात असतानाच उपसा तिपटीहून महाग झाला आणि कुटुंबेच्या कुटुंबे शहराकडे निघाली. म्हैसाळ उपसा योजनेच्या वीजबिलावरून किती वर्षे वाद चालला आणि शेवटी ८१:१९ चे सूत्र (८१ टक्के बिल सरकारचे, १९ टक्के शेतकऱ्यांचे) का आणावे लागले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. ८ डिसेंबर २०२४ ला असद राजवट गेली, पण २०२५ मध्ये पुन्हा कडक दुष्काळ पडला. तिथले नवे सरकार पंपांचे काय करते, इकडे मी लक्ष ठेवून आहे.

आता आपल्या हातातले. डीएपीच्या एका पोत्याऐवजी सिंगल सुपर फॉस्फेटची तीन पोती आणि २० किलो युरिया दिला तर नत्र-स्फुरद तेवढेच पडते, वर गंधक आणि कॅल्शियम मिळते. पण सुपर फॉस्फेटचा खडकही मुख्यतः इजिप्त-जॉर्डनकडूनच येतो, तेव्हा हा उपाय हंगामापुरताच. मोठी गळती आपल्याच रानात आहे. चुनखडीच्या काळ्या जमिनीत स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो आणि मुळांना मिळत नाही. फोकून टाकलेले तर जवळजवळ वायाच जाते. ते सरीत, कांडीजवळ, शेणखत किंवा प्रेसमडमध्ये (साखर कारखान्यातला रसाचा गाळ) मिसळून द्यावे. स्फुरद विरघळवणारे जिवाणू वेगळे द्यावेत, रासायनिक खतात कालवले तर मरतात. द्राक्षबागेत ठिबकमधून फॉस्फोरिक आम्ल सोडताना त्याच टाकीत कॅल्शियम नायट्रेट टाकू नये, साका धरून ड्रिपर बंद पडतात. आणि माती परीक्षणाच्या पत्रिकेत ‘उपलब्ध स्फुरद’ भरपूर दिसत असेल तर मात्रा कमी करावी. वर्षानुवर्षे डीएपी टाकलेल्या कितीतरी रानांत तो भरपूर आहे.

आपल्याला विनंती एवढीच: आठवड्यातून एकदा चार रकान्यांचा छोटा तक्ता छापावा. मिरजेला किती टन डीएपी उतरले, कोणत्या बंदरातून आले, खडक किंवा आम्ल कोणत्या देशाचे होते, आणि त्या देशात त्या आठवड्यात रेल्वे, बंदर आणि नळ सुरू होते का.

आपला,
एक वाचक
पलूस, जि. सांगली