‘हात चांगलाय तुझा’ म्हणणाऱ्या ताईंना

ताई, तुम्ही ऑनलाइन काही वाचत नाही हे माहितीये, पण मुलगी वाचून दाखवेल. तोंडावर बोलायला गेलो तर घसा दाटून येतो, परवाही आलाच की, थिसिस सबमिट करून तुमच्याकडे पेढे घेऊन आलो तेव्हा.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. मॉर्फिन हे वेदनाशामक पेशीवरच्या ज्या म्यू रिसेप्टर नावाच्या प्रोटीनला चिकटून काम करतं तो किती बनायचा, हे त्याच्या जीनवर कुठली प्रोटीन्स येऊन बसतात त्यावर बरंचसं ठरतं. या जीनला नेहमीचा टाटा बॉक्स, म्हणजे जीन वाचायला सुरुवात कुठून करायची ती डीएनएवरची खूण, नाही, मग एसपी१सारखी प्रोटीन्स डीएनएच्या जी आणि सी अक्षरं जास्त असलेल्या पट्ट्यावर बसून ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे जीनची आरएनए नक्कल काढणं, चालू करतात आणि रेस्ट नावाचं प्रोटीन येऊन बसलं की ते दाबलं जातं. उंदराची नस (मज्जातंतू) दुखावली की रेस्ट वाढतं, रिसेप्टर घटतो आणि मॉर्फिनचा जोर कमी पडतो. आजोबांना नागीण झाली होती, फोड गेले पण आग काही गेली नाही, कुठलीच गोळी धड लागू पडेना, मी या विषयात शिरलो ते तिथून.

तर सात महिने माझे जेल शिफ्ट नावाचे प्रयोग फसत होते. प्रोटीन डीएनएच्या तुकड्याला चिकटलं की तुकडा जेलमध्ये मागे राहतो आणि वर बँड दिसतो, एवढंच बघायचं होतं, पण मला हवे ते एसपी१ आणि रेस्टचे बँडच नाहीत. सर म्हणाले, तुला बेंचवर्क जमत नाही. एका सीनियरने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बघून दोन सेकंदात सांगितलं की एक्स्ट्रॅक्ट (पेशींतून काढलेलं प्रोटीन्सचं मिश्रण) मेलंय, परत बनव. पाच वेळा बनवलं! जेलची फिल्म नीट हातात घेऊन बघायला मात्र कुणालाच वेळ नव्हता, चहाला अर्धा तास असायचा.

तुम्ही तर दुसऱ्या लॅबच्या. बर्फ घ्यायला आलात, मला तोंड पाडून बसलेला बघितलंत आणि म्हणालात, ‘जुन्या फिल्म दाखव सगळ्या.’ चौदा होत्या. एकेक फिल्म खिडकीच्या उजेडात धरून बघितलीत, घाई नाही की सुस्कारा नाही, बर्फ बादलीत वितळतोय. मग म्हणालात, ‘हात चांगलाय तुझा, लेन बघ किती सरळ आल्यात.’

सात महिन्यांत पहिल्यांदा कुणी तरी असं म्हणालं होतं हो. बाथरूममध्ये जाऊन रडलो मी, आता सांगतो.

परत आलो तर तुम्ही विचारलंत, ‘ऑक्ट-१ या तिसऱ्या प्रोटीनचा बँड सगळीकडे आलाय, म्हणजे एक्स्ट्रॅक्ट जिवंत आहे. येत नाहीत ते एसपी१ आणि रेस्ट. या दोघांत सारखं काय?’ झिंक फिंगर, म्हणजे झिंकमुळे आकार धरणारा प्रोटीनचा भाग! दोघांनाही डीएनए पकडायला झिंक लागतं, ऑक्ट-१ला लागत नाही. आणि आमची बफरची, म्हणजे प्रोटीन आणि डीएनए ज्यात मिसळतो त्या द्रावणाची बाटली, जी माझ्या आधीपासून रॅकवर होती, तिच्यात कुणीतरी ईडीटीए हे धातू पकडून ठेवणारं रसायन दहापट घातलेलं, ते सगळं झिंक ओढून घेत होतं. नवीन बफर, आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही बँड हजर.

सरांनी बघून ‘गुड’ म्हटलं. चला, तेही नसे थोडके.

थिसिसच्या आभारात तुमचं नाव सरांच्या आधी टाकलंय, त्यावरून थोडी कुरबुर झाली, होऊ दे. आणि ताई, ती जुनी बाटली मी फेकली नाहीये, रिकामी करून धुऊन ठेवलीये, त्यात सध्या तुम्ही दिलेल्या मनी प्लांटची फांदी आहे, दोन नवी पानं फुटलीत.