गच्चीची आणि पंपरूमची चावी फ्लॅट २०३ कडून काढून घेण्याबाबत (तिसरं पत्र)

चेअरमनसाहेब, सप्रेम नमस्कार.

याआधीची दोन पत्रं मी सेक्रेटरींच्या हातात दिली होती. पहिल्याची पोच माझ्याकडे आहे, दुसऱ्याच्या वेळी ते "वहिनी, आपल्यात पोच कसली" म्हणाले आणि मी गप्प बसले, तीच चूक झाली. म्हणून हे डायरेक्ट तुम्हाला लिहितेय. मला कुणाची बदनामी करायची नाही. गच्चीची आणि पंपरूमची चावी एका मेंबरच्या खिशात न राहता खाली वॉचमनच्या केबिनमध्ये लटकलेली असावी, एवढंच माझं म्हणणं आहे आणि ते मी सव्वा वर्ष म्हणतेय.

गेल्या रविवारचं तुम्हाला माहीतच आहे, पण तुम्ही लग्नाला गेला होतात म्हणून परत सांगते. सकाळी पावणेसातला वरच्या टाकीचा सेन्सर अडकला, पंप ऑटोवर असल्यामुळे चालूच राहिला आणि पाणी गच्चीवरून सी विंगच्या भिंतीवरून धो धो खाली. वॉचमन धावत वर गेला, गच्चीला कुलूप. खाली पंपरूमला गेला, तिथेही कुलूप. दोन्ही चाव्या २०३ कडे आणि २०३ वाले शनिवारीच चिपळूणला, फोन रेंजमध्ये नाही. शेवटी ३०२ च्या मुलाने मीटर रूममधला कॉमनचा मेन स्विच पाडला तेव्हा पंप थांबला, पण त्याबरोबर लिफ्टही बंद. ४०१ च्या आजींना मुलीकडे जायचं होतं, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाई चार मजले कठडा धरून उतरल्या. नेरूळमध्ये पाणी एक दिवस कमी दाबाने आलं तरी आपला ग्रुप पेटतो, आणि इथे सव्वा तास टाकीचं पाणी गटारात गेलं त्यावर २०३ वाल्यांचा मेसेज काय, तर "सॉरी, चावी चुकून बॅगेत राहिली".

चुकून. हा शब्द मी त्यांच्याकडून २०१७ पासून ऐकतेय.

आम्ही शेजारी राहायला आलो तेव्हा त्यांनीच त्यांच्या घराची एक चावी आमच्याकडे ठेवली, शेजारधर्म म्हणून मी ठेवली, कुणीही ठेवेल. पण त्यांच्या दाराला लॅच आहे, दार ओढलं की बंद, आणि काका कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आले तरी चावी आत. मग आमची बेल. दुपारी दीडला बेल, रात्री पावणेबाराला बेल, माझ्या मुलाची बारावीची प्रॅक्टिकल होती त्या पहाटे साडेपाचला बेल. या जानेवारीपासून मी किचनमधल्या कॅलेंडरवर टिक करतेय, एकोणीस वेळा झालं. मी एकदाही तोंड वाकडं केलं नाही, २०३ च्या ताईंना विचारा.

चावी सांभाळणं ही काही फार मोठी विद्या नाही हो. माझ्या सासूबाई जुडगा कमरेला खोचायच्या, किल्ली म्हणायच्या त्या, आणि चाळीस वर्षांत एक हरवली नाही. मी दार ओढायच्या आधी पर्सच्या आतल्या चेनमध्ये हात घालून जुडगा चाचपते आणि मगच ओढते. घरात दाराजवळ तीन खिळे आहेत, आमची पहिल्यावर, आईकडची दुसऱ्यावर, २०३ ची तिसऱ्यावर, तिला लाल दोरा बांधलेला, म्हणजे लाइट गेले तरी अंधारात हाताला कळावी.

तर इतकं जपून ठेवलेल्या चावीबद्दल ऑगस्टमध्ये काकांनी जिन्यात, २०१ च्या वहिनींसमोर, मला विचारलं, "परवा आमच्या घरात कुणी गेलं होतं का? पेपर टीपॉयवर होता तो सोफ्यावर दिसला." मला घरात येऊन अक्षरशः रडू आलं. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या घराची चावी खिळ्यावर असूनही त्यांच्या उंबऱ्याच्या आत मी बोलावल्याशिवाय पाऊल टाकलेलं नाही. ज्या माणसाला स्वतःचा पेपर कुठे ठेवला ते आठवत नाही त्याच्याकडे ऐंशी फ्लॅटच्या पाण्याची चावी आहे.

आता गच्चीच्या कुलपाचं ऐका. मूळ चाव्या तीन होत्या, दोन काकांकडून हरवल्या. उरलेलीवरून स्टेशनबाहेर डुप्लिकेट केली, आणि ती झिजल्यावर त्या डुप्लिकेटवरून आणखी एक डुप्लिकेट. डुप्लिकेटची डुप्लिकेट केली की प्रत्येक वेळी खाचा थोड्या थोड्या चुकत जातात, कुठलाही चावीवाला सांगेल की ओरिजिनल आणा. ती चावी आता अर्धी फिरते आणि अडते. त्यावर काकांनी कुलपात खोबरेल ओतलं, त्याला धूळ चिकटून आत काळा चिखल. मी रॉकेलने पुसून त्यात पेन्सिलीच्या शिशाची पूड टाकली तेव्हा कुठे ते फिरलं. हे काम कमिटीचं होतं.

कोजागिरीला पण हेच. दूध आटवून पातेली जिन्यात आणून ठेवलेली, मुलं ताटकळत उभी आणि काका वाशीला मॉलमध्ये, चावी त्यांच्या खिशात. चंद्र सोडून आपण पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली दूध प्यायलो.

२०३ चं म्हणणं की मध्ये गच्चीवर पोरं सिगारेटी प्यायची म्हणून कुलूप लागलं. बरोबर आहे, कुलपाला माझा विरोध नाही. पण जुलैमध्ये फायरवाला माणूस गच्चीवरची टाकी बघायला आला तो चावी नाही म्हणून परत गेला, दुसऱ्या व्हिजिटचे पैसे आपल्या मेंटेनन्समधून गेले. २००६ च्या अग्निशमन कायद्याप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा नीट चालू असल्याचा दाखला, द्यावा लागतो. जानेवारी आलाच. उद्या खरंच धूर झाला आणि लोक वर पळाले तर कुलपाशी उभं राहून चिपळूणला फोन लावायचा का?

बायलॉजमध्ये लिहिलंय की लेखी तक्रार पुढच्या मीटिंगमध्ये घ्यायची आणि निर्णय पंधरा दिवसांत कळवायचा. माझ्या दोन तक्रारींवर किती मीटिंगा झाल्या ते तुम्हीच मोजा. आणि हे माझं एकटीचं मत नाही, २०१, ३०२ आणि अख्खा चौथा मजला माझ्याबरोबर आहे, पहिल्या मजल्यावरच्या एकांनी नाव घेऊ नका सांगितलंय म्हणून घेत नाही.

कुलूप नवीन घ्या, सात लिव्हरचं, पैसे नसतील तर मी देते, पावती सोसायटीच्या नावावर करा. तिन्ही चाव्या वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्यावर, शेजारी वही, नेणाऱ्याची सही आणि वेळ. २०३ वाल्यांनाही हवी तेव्हा मिळेल, सही करून.

सोबत बंद पाकिटात २०३ च्या घराची चावी आहे, लाल दोऱ्यासकट. ती ऑफिसमध्ये ठेवा आणि काकांना कळवा की यापुढे आमची बेल वाजवू नये. पत्र मुलाच्या हातून पाठवतेय, पत्राची आणि चावीची अशा दोन वेगळ्या पोच त्याच्याकडे द्या, तो थांबेल.

आपली,
फ्लॅट २०४