पहिल्या हंगामाबद्दल, सुध्यास

व्हॅलेन्सिया
रविवार, दुपार

प्रिय सुध्या,

तुझं पत्र पोचलं. आधी भांडण, मग बाकीची खुशाली. "दुसऱ्या फळीतला करंडक म्हणजे मोठ्या पंगतीत पान न मिळालेल्यांची समजूत," असं बेधडक लिहून मोकळा झालास. मी ज्या गावात राहतो तिथे हे वाक्य मोठ्याने म्हणून बघ. इथल्या बास्केटबॉल क्लबच्या कपाटातला पहिला युरोपीय करंडक नेमका तसलाच आहे. यूलेब कप, हंगाम २००२-०३, स्पर्धेचं पहिलंच वर्ष. तो कसा आला हे तुला माहीत नाही, म्हणून तू असं लिहितोस.

मागचं थोडं सांगतो. २००० साली युरोपातले मोठे क्लब आणि फिबा, म्हणजे बास्केटबॉलची जागतिक संघटना, यांचं फाटलं. भांडण पैशाचं आणि अधिकाराचं. क्लब आपल्या लीगांच्या संघटनेच्या, म्हणजे यूलेबच्या, छत्राखाली वेगळे झाले आणि जाताना 'युरोलीग' हे सर्वांत वरच्या स्पर्धेचं नावही घेऊन गेले, कारण फिबाने ते कधी नोंदवून ठेवलंच नव्हतं! फिबाला स्वतःच्या स्पर्धेसाठी 'सुप्रोलीग' असं नवं नाव शोधावं लागलं. त्या वर्षी युरोपाला दोन विजेते मिळाले, युरोलीगचा बोलोन्या आणि सुप्रोलीगचा मकाबी तेल अवीव. एका गावात दोन गणपती आणि दोन्ही मानाचे. वर्षभरात समेट झाला, वरची स्पर्धा एक झाली, पण खालच्या मजल्याची आवराआवर राहिली होती. ती २००२ मध्ये झाली. सापोर्ता कप आणि कोराच कप हे दोन्ही जुने करंडक त्या साली संपले आणि २४ संघांचा यूलेब कप सुरू झाला.

इथे माझी एक कुरकुर नोंदवून ठेव. रायमुंदो सापोर्ता हा रेआल माद्रिदचा कारभारी, युरोपातलं क्लब बास्केटबॉल उभं करणाऱ्यांपैकी एक. रादिवोय कोराच हा युगोस्लाव्हियाचा खेळाडू, १९६९ साली गाडीच्या अपघातात गेला. माणसांच्या नावाचे करंडक बंद केले आणि त्या जागी संघटनेच्या आद्याक्षरांचा आणला. सोय झाली असेल, पण मला ते काही आवडलेलं नाही.

आता व्हॅलेन्सिया. १९९८ मध्ये स्पेनचा राजाचा करंडक जिंकून या क्लबने पहिल्यांदा मान वर काढली. पुढच्याच वर्षी सापोर्ता कपची फायनल, सारागोसात. म्हणजे जवळपास घरच्यासारखीच. तिथे इटलीच्या ट्रेविझोकडून हरले. मग २००२, पुन्हा त्याच कपची फायनल, या वेळी फ्रान्समध्ये लियाँला, समोर इटलीचाच सियेना. पुन्हा हार. आणि तो सापोर्ता कपचा शेवटचाच अंक निघाला. म्हणजे कपच बंद झाला, फेडायला जागाही उरली नाही. दोन फायनली हरलेल्या क्लबला काही महिन्यांत नव्या स्पर्धेत उतरायचं होतं. त्या वर्षीच्या २४ संघांत यांच्याइतका खाजगी हिशेब घेऊन कोणी उतरला असेल असं मला वाटत नाही.

संघ मात्र या वेळी वेगळा होता. त्या उन्हाळ्यात शेजारच्या विटोरियाहून (शेजारच्या म्हणजे स्पेनच्या हिशेबाने) दोन उंच माणसं आली. सर्बियाचा देयान तोमाशेविच आणि अर्जेंटिनाचा फाब्रिसिओ ओबेर्तो. दोघं तिथे एकत्र खेळलेले, स्पेनची लीग जिंकलेले. आणि इथे रुजू होण्याआधी सप्टेंबरात इंडियानापोलिसला जागतिक स्पर्धेची फायनल झाली, युगोस्लाव्हिया (तोमाशेविचचा तेव्हाचा देश) विरुद्ध अर्जेंटिना. तुला आठवत असेल, शेवटच्या क्षणी अर्जेंटिनाच्या स्कोनोकिनीच्या बाजूने फाउल द्यायला हवा होता की नाही यावर आपण चहाच्या टपरीवर किती घसा कोरडा केला होता. ओबेर्तोने त्या सामन्यात २८ गुण केले आणि तरी ओव्हरटाइममध्ये अर्जेंटिना हरली. म्हणजे एकाच्या गळ्यात सोनं, दुसऱ्याच्या चांदी, आणि काही आठवड्यांनी दोघं एकाच ड्रेसिंग रूममध्ये, नारिंगी जर्सीत. पहिल्या दिवशी काय बोलले असतील रे?

तोमाशेविचबद्दल तुला मुद्दाम सांगतो, कारण तूही पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळ, खेळायचास आणि चेंडू एकदा हातात आला की परत द्यायचा नाहीस. हा बाबा उंचीने दोन मीटरच्या वर, बास्केटकडे पाठ करून उभा राही, दोघं अंगावर येईपर्यंत वाट बघे आणि मग मोकळ्या गड्याला पास काढे. उड्या-डंकचा थाट नाही. जागा पकडायची, रिबाउंड घ्यायचा, चेंडू चालता ठेवायचा. बाहेर नाचो रोदिया, इथून जवळच्या यिरियाचा, आणि व्हिक्तोर लुएंगो. हे दोघं घरचे; आधीच्या फायनलींचे व्रण अंगावर वागवणारे. बाकावर पाको ओल्मोस प्रशिक्षक.

स्पर्धेचा साचाही आजच्यासारखा नव्हता. सहा-सहाचे चार गट, साखळीत प्रत्येकाशी घरी एक आणि बाहेर एक सामना, आणि पुढची बाद फेरी दोन-दोन सामन्यांची, गुणांच्या बेरजेवर. फायनलसुद्धा तशीच! मला ही पद्धत फार आवडते, तुला आवडणार नाही. पहिल्या सामन्यात दहाने जिंकलास तर दुसऱ्यात नऊने हरूनही करंडक तुझा. त्यामुळे सामना हातातून गेला म्हणून कोणाला ढिलं पडता येत नाही. शेवटच्या मिनिटाला वीसने पुढे असलेला संघही टाइमआउट घेतो, कारण ते दोन गुण पुढच्या आठवड्यात कामाला येणार असतात. प्रेक्षकाला मात्र डोक्यात सतत वजाबाकी करत बसावं लागतं, आणि तुझं गणित मला माहीत आहे.

फायनलमध्ये समोर आला तो क्रका, स्लोव्हेनियातल्या नोवो मेस्तोचा. गावाची वस्ती जेमतेम वीस-पंचवीस हजार. क्रका हे तिथल्या नदीचं नाव, नदीवरून औषध कंपनीचं आणि कंपनीवरून संघाचं. नेवेन स्पाहिया त्यांचा प्रशिक्षक, त्याच वर्षी त्यांनी स्लोव्हेनियाची लीगही मारली. एवढ्याशा गावाने युरोपीय फायनलचा एक सामना आपल्या गावात खेळवला, हे एक-सामन्याच्या फायनलमध्ये कधी झालं असतं का? ती कुठल्यातरी मोठ्या शहरात झाली असती आणि गावकऱ्यांनी टीव्हीवर बघितली असती. दोन-सामन्यांच्या बाजूने माझा खरा मुद्दा हाच.

बेरजेत व्हॅलेन्सिया पुढे राहिली. फायनलचा मानकरी तोमाशेविच. स्पाहिया पुढे काही वर्षांनी याच व्हॅलेन्सियाचा प्रशिक्षक झाला, आणि क्रकाला त्यांचा युरोपीय करंडक मिळाला तो २०११ मध्ये, फिबाच्या युरोचॅलेंजमध्ये. उशिरा का होईना, त्यांचंही खातं उघडलं.

आता तुझा मोठा मजला. त्याच वसंतात बार्सेलोनाने स्वतःच्या गावात युरोलीग जिंकली, तीही आधी पाच फायनली हरल्यावर. म्हणजे वरच्या मजल्यावरही तीच दुखणी. मग स्पेनच्या लीगच्या फायनलमध्ये त्याच बार्सेलोनाने व्हॅलेन्सियाला ३-० असं धुतलं, ते मी लपवत नाही. पण यूलेब कपच्या विजेत्याला युरोलीगचं दार उघडं होतं, आणि २००३-०४ ला हे त्या दारातून आत गेले. समजूत घालायला दिलेल्या करंडकाबरोबर कोणी किल्ली देत नाही.

आणि दुसऱ्याच वर्षी या 'समजुतीच्या' स्पर्धेच्या फायनलला कोण होतं माहीत आहे? रेआल माद्रिद. एकच सामना, बेल्जियममधल्या शार्लरॉयला. हरले, हापोएल जेरुसलेमकडून. नाव पुढे युरोकप झालं, आणि व्हॅलेन्सियाने तो २०१०, २०१४ आणि २०१९ मध्ये पुन्हा घेतला.

फोन्तेताच्या, म्हणजे जुन्या हॉलच्या, शेजारीच आता क्लबची १३ कोर्टांची शाळा आहे. संध्याकाळी कामावरून येताना मी थांबतो. दहा-बारा वर्षांची पोरं पोस्टमधून पास काढायला शिकत असतात. तुला दाखवायला हवं.

गुडघ्याचं काय म्हणतोस? ऑपरेशनची तारीख ठरली का? ठरली नसेल तर डिसेंबरात ये, तेव्हा इथे थंडी बेताची असते आणि सामन्यांचा भर असतो. वहिनींना नमस्कार, आणि चिन्मयला विचार की तो गार्ड खेळतो की तुझ्यासारखा चेंडू धरून बसतो.

तुझा,
विन्या