नदीकाठी घर घेतोयस म्हणून

प्रिय बाळा,

तू पाठवलेले लंडनजवळच्या रेझबरी गावातल्या घराचे फोटो आम्ही सगळ्यांनी बघितले, घर छानच आहे, मागं बाग आणि बागेला लागून थेम्स, सूनबाईला का आवडलं ते लगेच कळलं. पण ऑफर द्यायच्या आधी एवढं वाच.

आम्ही त्याच्या शेजारच्या डॅचेटला तुमच्याकडं राहून गेलो तेव्हापासनं मला तो भाग आवडतो. स्टेशन गावाच्या मधोमध, १८४८ पासनंचं, तासाभरात लंडनचं वॉटर्लू स्टेशन, आणि फाटक पडलं की दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगा. हीथ्रोची विमानं डोक्यावरनं जातात तरी आजूबाजूला शेतं टिकून आहेत, ती ग्रीन बेल्टचा, म्हणजे शहराभोवतीच्या मोकळ्या जमिनीवर सहसा बांधू न देण्याचा, नियम आहे म्हणून, नाहीतर लंडनच्या इतक्या जवळ काय राहिलं असतं! नवीन बांधायला जागा कमी म्हणून किमती चढ्या, अशा ठिकाणी नदीकाठचं घर बजेटमध्ये बसतंय म्हटल्यावर मला तरी आधी का बसतंय हे विचारावंसं वाटतं.

२०१४ च्या फेब्रुवारीत रेझबरीत पाणी शिरलं तेव्हा मदतीला सैन्य आणावं लागलं होतं. तिथली जमीन खालनं सगळी खडीची, गावाभोवतीची तळी म्हणजे खडी काढून झालेले खड्डेच आहेत, त्यामुळं पाणी नुसतं काठावरनं येत नाही, जमिनीतनं वर येतं, दाराशी वाळूची पोती रचून ते थांबत नाही. म्हणून काठावरची काही घरं खांबांवर उचललेली दिसतात, खाली पोकळ, पुराचं पाणी खालनं निघून जावं म्हणून, आणि दारापर्यंत जायला जिना. तुझ्या फोटोतल्या घराला मला एकच पायरी दिसली.

आणि वरच्या अंगाला काय केलंय तेही बघ. मेडनहेड, विंडसर, ईटन ही वरची गावं पुरापासनं वाचवायला ज्युबिली रिव्हर नावाचा साडेअकरा किलोमीटरचा कालवा काढला, २००२ ला सुरू झाला, त्याचं पाणी डॅचेटच्या जरा वर परत थेम्सला मिळतं. २००३ च्या जानेवारीत पूर आला तेव्हापासनं डॅचेट-रेझबरीसारख्या खालच्या गावांतले लोक म्हणतात की आमच्या वाट्याला जास्त पाणी आलं. पुढं डॅचेट-रेझबरीसाठीही कालवा ठरला होता पण पैशांवरनं अडलं आणि तेवढाच भाग वगळला, मला हे फार चुकीचं वाटतं. वरच्यांना वाचवायचं तर खालच्यांचीही सोय त्याच कामात व्हायला पाहिजे. तू तिथं घर घेणार असशील तर गावाच्या मीटिंगला जाऊन हे बोल, नुसतं झोपायला घरी येणारा होऊ नकोस.

आपण सांगलीचे, २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा गावभागातल्या घरांचं काय झालं ते तू बघितलंयस, चिखल काढून झाला तरी भिंतींचा वास महिनोन् महिने जात नाही. आपल्याकडं पुराची निळी रेषा, लाल रेषा असते तसे तिकडं फ्लड झोन आहेत, सरकारच्या साइटवर पोस्टकोड टाकला की पुराचा धोका दिसतो. झोन ३ म्हणजे नदीच्या पुराचा धोका दरवर्षी १०० त १ किंवा त्याहून जास्त.

इन्शुरन्सचं तर आधीच विचार. फ्लड री म्हणून स्कीम आहे २०१६ पासनं, तिच्यामुळं पूरभागातल्या घरांचा हप्ता आवाक्यात राहतो, पण १ जानेवारी २००९ नंतर बांधलेलं घर तिच्यात बसत नाही आणि स्कीमही २०३९ पर्यंतच. तुझं कर्ज त्याच्या पुढं चालणार ना रे? घर कधी बांधलंय ते कागदावर बघून घे, एजंटच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नकोस.

शनिवारी बघायला जाशील तेव्हा विजेचा मीटर आणि प्लग जमिनीपासनं किती उंचीवर आहेत त्याचा फोटो काढ, आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचार २०१४ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं, तेच खरं सांगतील. रविवारी फोन कर, बाबा पण बोलतील. छोटीला पापा.

तुझी,
आई